वजनाइतका गूळ

गुळाचा विषय निघाला तेव्हा पूर्णिमा धाकट्या ऋतुराजच्या ताटातली अर्धी चपाती खात होती. त्याआधी तिनं थोरल्या लेकीच्या, राजनंदिनीच्या डब्यात उरलेला शिरा संपवला होता. नवऱ्यानं, विश्वजितनं, 'बास झालं' म्हणून सारलेली पोह्यांची ताटली तिच्या पुढ्यात आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. भूक तिला नव्हती. भुकेचा आणि खाण्याचा काही संबंध असतो, हे ती दुसऱ्या बाळंतपणानंतर विसरूनच गेली होती.

"नवस ऱ्हायलाय," सासूबाई अंबूबाई ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणाल्या. "ऋतुराजच्या वक्ताला बोललेला. चार वर्सं झाली. औंदा गावच्या भैरोबाच्या जत्रंत फेडून टाकूया. पूर्णिमाच्या वजनाइतका गूळ वाटायचाय."

मग सगळ्यांनी पूर्णिमाकडं पाहिलं. तोंडाकडं नाही, एकूण.

सासरे बाळासो यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती भरंल?" त्यांनी विचारलं. अंबूबाईंना विचारलं, पूर्णिमाला नाही. पोत्याचं वजन कुणी पोत्याला विचारत नाही.

"मामा, मी हितं बसलोय," पूर्णिमा म्हणाली.

"व्हय, दिसतंय की," बाळासो म्हणाले, आणि या 'दिसतंय'वर विश्वजितला एकदम ठसका लागला.

बाळासो कोर्टात पंचवीस वर्षं शिपाई होते, त्यामुळं शिवाजी पेठेतल्या त्या तीन खोल्यांत कायदा त्यांच्या ताब्यात होता. त्यांनी दवाखान्याची जुनी फाईल शोधून काढली. बाळंतपणाच्या दिवशीच्या कागदावर पूर्णिमाचं वजन त्रेसष्ट लिहिलेलं होतं. "नवस बोलल्या दिवशीचं वजन धराय पायजे," त्यांनी निकाल दिला. "पुढची वाढ नवसात येत न्हाय."

"देवाला कागद दावणार काय?" अंबूबाई म्हणाल्या.

वरच्या कोर्टात अपील म्हणून गावच्या गुरवाला फोन लावला गेला. गाव पेठ वडगावच्या पलीकडं; तिथं रेंज देवाच्याच कृपेनं मिळते. त्या दिवशी मिळाली. गुरवानं सगळं ऐकून घेतलं आणि स्पीकरवर, सगळ्या घरादेखत सांगितलं, "पावणं, देवाला ताजं वजन लागतंय. शिळं चालत न्हाय."

"तीन महिनं हायत जत्रंला," बाळासो फोन ठेवत म्हणाले. "हुतंय की कमी. मनावर घेटलं तर काय हुत न्हाय?"

"गुळाचं एवढं न्हाय गं," विश्वजितनं बायकोला समजावलं. त्याचं शाहूपुरीत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला 'भाग महाग नाही, गाडी जुनी आहे' हे ज्या आवाजात सांगायचा तोच आवाज त्यानं काढला. "पर सगळ्या गावासमोर पारड्यात बसायचं. कोन ना कोन व्हिडिओ काढणार. इज्जतीचा प्रश्न हाय."

"कुणाच्या?"

"घराच्या."

"मग घर बसवा पारड्यात," पूर्णिमा म्हणाली, आणि पोह्यांची ताटली ओढून घेतली. रागाच्या भरात माणूस काहीही खातं.

राग साधा नव्हता. तो दहा वर्षांचा, मुरलेला होता. राजनंदिनीच्या वेळी सव्वा महिना याच घरानं तिला रोज दोन डिंकाचे लाडू चारले होते, अळिवाची खीर आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या पाजल्या होत्या. नको म्हटलं की 'अंगावर दूध कसं येणार?' ऋतुराजच्या वेळी तेच, आणि वर 'रगात लई गेलंय, भरून काढाय पायजे' म्हणून शेळीच्या पायांचं सूप. भरून काढलं. नुसतं रक्त नाही, सगळंच भरून निघालं. मग कुणी 'आता बास' म्हणायला आलं नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर बॉर्डरवर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा विश्वजित म्हणाला होता, "बॉर्डरवरच हाय न्हवं? आत तर न्हाय आली." तेव्हाच तिनं विचारलं होतं, सकाळी अर्धा तास रंकाळ्यावर चालायला जाऊ का? तर पोरांचा डबा कोण करणार, मामांचा साडेपाचचा चहा कोण ठेवणार, आणि "घरात काय कमी चालतीस?" एवढ्या तीन प्रश्नांत तो अर्धा तास संपला होता.

आणि आता बघा. गुळाचा प्रश्न आला आणि घराला तिच्या तब्येतीची काळजी लागली.

*

पहिलं वजन रविवारी झालं. घरात काटा नव्हता, म्हणून बाळासो तिला गल्लीतल्या जोतीरामच्या पिठाच्या गिरणीत घेऊन गेले. मागं विश्वजित, त्याच्या मागं दोन्ही पोरं. गिरणीत दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. जोतीरामच्या पापण्यासुद्धा पिठानं पांढऱ्या झालेल्या.

"दळण कशाचं?" गिरणीच्या घरघरीवर तो ओरडला.

"दळण न्हाय," बाळासो तेवढ्याच जोरात ओरडले. "वजन करायचंय! सुनंचं!"

ही बातमी गिरणीच्या आवाजातसुद्धा तिसऱ्या घरापर्यंत नीट पोचली. पूर्णिमा चप्पल काढून काट्यावर उभी राहिली. तांबडे आकडे थोडे वरखाली झाले आणि एकोणऐंशी पूर्णांक चारवर थांबले. जोतीराम वाकला, आकडा वाचला, आणि वीस वर्षांच्या सवयीनं म्हणाला,

"डब्याचं वजा करू काय?"

दोघींपैकी एका बाईनं तोंड भिंतीकडं केलं. तिची पाठ मात्र हलत राहिली.

"करता येतंय काय?" बाळासोंनी गंभीरपणे विचारलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, रोजचं दूध जिथं लिहितात त्याच चौकटीत, पेन्सिलीनं नोंद केली. दूध दीड लिटर, पूर्णिमा एकोणऐंशी.

पूर्णिमा बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर जाऊन बसली. ती ब्लाऊज शिवायची. निम्म्या पेठेतल्या बायकांची मापं तिच्या वहीत होती, आणि बारा वर्षांत एकीचं माप दुसरीला कळलेलं नव्हतं. जावा-जावांना नाही, मायलेकींनाही नाही. एकदा एका नवऱ्यानं बायकोला गुपचूप ब्लाऊज शिवून द्यायचा म्हणून माप मागितलं, तर तिनं त्यालासुद्धा परत पाठवलं होतं. आणि तिचं स्वतःचं माप आज दळणाबरोबर घरोघरी गेलं होतं.

तिनं आपला ब्लाऊज घेतला आणि शिवण उसवायला लागली. ब्लाऊज शिवताना दोन्ही कुशींत आत जादा कापड सोडायचं, म्हणजे अंग वाढलं की एक टीप उसवायची, काम भागतं. दर दिवाळीला ती आपली एक टीप उसवत आली होती. आज शेवटची उसवली. आता आत काही शिल्लक नव्हतं.

तेवढ्यात ब्लाऊज टाकायला अक्षता आली. अक्षता शाळेत शिकवायची. तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं. मापाला उभी राहायच्या आधीच ती म्हणाली, "वैनी, माप घेऊ नका. चौतीसचाच शिवा. लग्नाआधीचा. समोर टांगून ठेवणार मी, रोज बघणार. मोटिव्हेशन पायजे हो माणसाला."

पूर्णिमानं मान हलवली. असले मोटिव्हेशनचे ब्लाऊज तिनं आजवर कितीतरी शिवले होते. पेठेतल्या कपाटांमध्ये ते हँगरला लटकत होते. बाया तेवढ्या बाहेर होत्या. असले ब्लाऊज बाया सांगतील तसेच ती शिवायची, फक्त आत दोन्हीकडं चांगलं दोन-दोन बोटं कापड सोडायची आणि त्याबद्दल बोलायची नाही.

"तुमचं मोटिव्हेशन काय, वैनी?" अक्षतानं विचारलं.

"गूळ," पूर्णिमा म्हणाली.

अक्षताला वाटलं, नवीन काहीतरी डाएट आलंय. तिनं मोबाईलवर लिहून घेतलं.

*

त्या रात्री पूर्णिमानं विचार केला. राग एका बाजूला ठेवला, कारण तो कुठं जाणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिनं घराला सांगितलं, "वजन कमी करायचं म्हणता न्हवं? मग मला सकाळी अर्धा तास पायजे. उद्यापास्नं साडेपाचला रंकाळ्यावर जाणार. मामांचा चहा ह्यांनी ठेवायचा. पोरांना शाळंत मामा सोडतील."

दोन वर्षांपूर्वी याच वाक्यावर घर कोसळलं असतं. आता बाळासोंनी मनातल्या मनात गुळाची कसलीशी आकडेमोड केली आणि म्हणाले, "जा की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! पूर्णिमाला ते वाक्य पहिल्या दिवशी अख्ख्या रंकाळ्याभर पुरलं. ती इतक्या संतापानं चालली, की सकाळी फिरणारे दोन म्हातारे बाजूला झाले. तिच्यासाठी जो अर्धा तास दोन वर्षं या घरात सापडत नव्हता तो गुळासाठी एका मिनिटात सापडला. म्हणजे होता. कुठंतरी होताच. दडवून ठेवला होता.

पंधराएक दिवसांनी तिच्या लक्षात आलं की चालताना आपण भांडत नाही आहोत. नुसतंच चालतो आहोत. पाण्यावर धुकं होतं, दम लागत होता, पण तो आपलाच दम होता. कुणी हाक मारली म्हणून जिना चढताना लागलेला नव्हता. त्या अर्ध्या तासात तिला कुणी 'मम्मी', 'पूर्णिमा', 'अगं' म्हणत नव्हतं. गुळाचं काही का होईना, हा अर्धा तास आता परत द्यायचा नाही, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

खाण्याचं मात्र सरळ गेलं नाही. तिनं साधं केलं होतं: आधी आपलं ताट वाढून घ्यायचं. एक भाकरी, पालेभाजी, आमटी, काकडी. बसून जेवायचं आणि उठायचं. बास. पहिल्या दिवशी ती उठली, हात धुतले, आणि जमिनीवर तीन ताटं तशीच राहिली. ऋतुराजची अर्धी चपाती, राजनंदिनीचा वरणभात, विश्वजितनं भाजीतून वेचून बाजूला ठेवलेली वांगी.

घर त्या ताटांकडं बघत राहिलं. उरलेलं अन्न ताटात उरतं आणि मग त्याचं पुढं काय होतं, हे त्या घरातल्या पुरुषांना आजवर बघायची वेळच आली नव्हती.

"हे कोन खाणार?" बाळासो म्हणाले.

"ज्यानं ठेवलंय त्यानं."

"अन्न वाया घालवायचं न्हाय, पूर्णिमा. अन्न म्हंजे देव."

"मग खावा की देव!" तिचा आवाज चढला. "रोज मीच का? मामा, पूर्वी दारात म्हस हुती. उरलंसुरलं तिला जायाचं. ती इकली कवा?"

बाळासोंनी आठवलं. "तुमच्या लग्नाच्या साली."

"बगा," पूर्णिमा म्हणाली. "म्हस इकली आणि मला आणली. खरकट्याची बादली तीच!"

हा योगायोग त्या घरात आजवर कुणी मांडलेला नव्हता. मांडल्यावर तो योगायोग वाटेना. अंबूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांचं स्वतःचं असं ताट त्या घरात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचं झालं की त्या उभ्यानंच भांड्यातलं खरवडून जेवायच्या. त्यांचा हात सवयीनं राजनंदिनीच्या ताटाकडं गेला.

"आत्याबाई, तुमीबी न्हाय," पूर्णिमा म्हणाली. हात मागं गेला.

शेवटी बाळासोंनी निकाल दिला, की कुटुंबप्रमुखाचं जेवण पथ्याचं असल्यामुळं उरलेलं अन्न विश्वजितनं संपवावं. त्यानं संपवलं. दुसऱ्या दिवशीही संपवलं. पोरांना कमी वाढलं तर एवढी वेळ येणार नाही, ही गोष्ट त्याला सुचायला सात आठवडे लागले. तोपर्यंत त्याची पँट पोटाखालून जायला लागली होती.

दर रविवारी गिरणीत वजन होत राहिलं. सत्त्याहत्तर. पंच्याहत्तर. दिवाळीत परत शहात्तर, कारण दिवाळी. मग त्र्याहत्तर. जत्रेच्या आधीच्या रविवारी सत्तर पूर्णांक दोन. जोतीराम टाळ्या वाजवून पीठ झाडत म्हणाला, "नऊ किलो गेलं, वैनी! गेलं कुटं?" आणि गंमत म्हणून त्यानं विश्वजितला काट्यावर उभं केलं. पहिल्या रविवारी तोही सहज उभा राहिला होता; तेव्हापेक्षा विश्वजित सात किलोनं वाढला होता.

"मग गेलं कुटं न्हाय," जोतीराम म्हणाला. "घरातल्या घरातच हाय. दोन किलोचा फरक, तो वाटंत सांडला असंल."

*

जत्रेला पाच दिवस राहिले, आणि बाळासोंनी शेवटचा डाव टाकला.

"सत्तर झालं, चांगलं झालं," रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले. "आता पाच दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर काढलंस तर आनि तीन-चार किलो सहज जाईल. सहासष्ट-सदुसष्टवर येतंय. आनि त्या दिवशी सुती साडी नेस. काठापदराची जड असती. बांगड्या काढून ठेव."

"मंगळसूत्र?" पूर्णिमानं विचारलं. आवाज अगदी शांत होता. विश्वजितच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती; तो आवाज ऐकून त्यानं हळूच आपलं ताट मागं ओढलं.

"ते ऱ्हाऊ दे," बाळासो उदारपणे म्हणाले. "ते काय किलोभर न्हाय."

"केसं कापू काय? लांब हायत. पावशेर तरी भरतील." पूर्णिमा उठली. "मामा, हे नऊ किलो मी तुमच्या गुळासाठी न्हाय घालवलं. माझ्या गुडघ्यासाठी घालवलं. माझ्या साखरंसाठी घालवलं. मला ह्या पोरांचं लगीन बघायचंय म्हणून घालवलं! तुमी मला दोन बाळंतपणांत कोंबून कोंबून भरली, मग खरकटं घालून वाढवली, आणि आता देवासमोर न्यायच्या येळंला उपाशी मारताय. बोकडालाबी असं करत न्हाईत. बोकडाला शेवटपतूर खायला घालत्यात!"

पोरं हसायच्या बेतात होती, पण आईचं तोंड बघून थांबली.

"आणि नवस पोराचा ना?" ती थांबेना. "पोरगा झाला म्हणून बोलला ना? मग त्याला बसवा पारड्यात. सोळा किलोत भागंल. माझा काय संबंध?"

"नवस पोराचा न्हवता," अंबूबाई म्हणाल्या.

त्या ओट्याकडं तोंड करून उभ्या होत्या. हातात खरवडायचं भांडं होतं. त्या वळल्या नाहीत.

"मग कुणाचा?" विश्वजितनं विचारलं.

"पोरगं झालं म्हणून नर्स सांगाय आली. तुमी दोघं पळालासा बघाय. तू पेढं आणाय गेलास. मग ती परत आली. म्हणाली, पोरगं बरं हाय, बाईचं काय सांगता येत न्हाय, रगात थांबंना. तिथं मी एकटीच हुतो." अंबूबाईंनी भांडं खाली ठेवलं. "पोरगं तर झालंच हुतं. त्याच्यासाठी कशाला नवस? मी म्हणलं, देवा, माझी सून परत दे. हाय तेवढी सगळी दे. किलो-दोन किलो कमी घेतो म्हणून न्हाय म्हणलं मी."

ऋतुराजनं ताटातला भात गुपचूप संपवला.

"चार वर्सं सांगिटलं का न्हाय, आत्याबाई?" पूर्णिमा म्हणाली. राग आवाजातून गेला नव्हता, पण त्याला कुठं बसावं ते कळेना.

"तू इचारलंस कवा?" अंबूबाई म्हणाल्या, आणि परत भांडं खरवडायला लागल्या.

*

जत्रेच्या दिवशी पूर्णिमानं काठापदराची जड साडी नेसली. सगळ्या बांगड्या घातल्या. ब्लाऊज तिनं आदल्या दिवशी कुशीत आत घेऊन शिवला होता. बाहेरच्या बाजूला जुन्या टिपांच्या भोकांच्या चार रांगा तशाच दिसत होत्या. सकाळी निघताना तिनं भाकरी, पिठलं आणि वर एक केळं खाल्लं. बाळासोंनी केळ्याकडं पाहिलं आणि टोपी घातली.

देवळासमोरच्या चिंचेला लोखंडी दांडीचं मोठं पारडं टांगलेलं होतं. दोरांना बांधलेले दोन लाकडी पाट. गुरवानं हळदकुंकू लावलं. माणसं जमली. पुढच्या रांगेत सहा मोबाईल वर गेले. पूर्णिमा पाटावर मांडी घालून बसली, दोर धरले, आणि समोर सरळ बघत राहिली. जोतीरामच्या काट्यापेक्षा हे बरं होतं. इथं निदान तांबडे आकडे नव्हते.

विश्वजितनं दुसऱ्या पाटावर नव्या गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, ठेवायला सुरुवात केली. दहा किलोचा एक रवा. एक, दोन, तीन. पाचव्याला तो धापा टाकत होता. सातव्याला दांडी हलली, बाळासोंनी खिशातून आणलेला गुळाचा लहान तुकडा वर ठेवला आणि दांडी सरळ झाली.

"झालं!" बाळासो म्हणाले. "बरोबर सत्तर!"

"थांबा," अंबूबाई म्हणाल्या. "विश्वा, गाडीत मागच्या बाकाखाली माझ्या जुन्या लुगड्यात एक रवा बांधलाय. तो आण."

"कशाला? काटा सरळ झाला की."

"आण म्हणलं न्हवं?"

विश्वजित आठवा रवा घेऊन आला. पूर्णिमाला कळलं, हा कुठला हिशेब आहे ते. "आत्याबाई," ती वरून म्हणाली, "ते नऊ किलो देवानं न्हाय नेलं. मी घालवलंय, चालून चालून. त्याचा गूळ कशाला?"

"तू गप बस तिथंच," अंबूबाई म्हणाल्या. "मी सगळी मागिटली हुती."

आठवा रवा पाटावर बसला. गुळाचं पारडं धप्पकन जमिनीला टेकलं आणि पूर्णिमाचं वर गेलं. वरून तिला विश्वजितच्या डोक्यावरचा विरळ झालेला गोल दिसला, बाळासोंची टोपी दिसली, आणि खाली उभ्या असलेल्या अंबूबाई दिसल्या. त्या हात कपाळावर आडवा धरून तिच्याकडं बघत होत्या. दोर किंचित फिरत होता. तिला खाली उतरवायची कुणाला घाई नव्हती आणि उतरायची तिलाही नव्हती.

मग गूळ फोडून वाटला गेला. देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांनी खाल्ला. विश्वजित घाम पुसत म्हणाला, "चला, सुटलो. उद्यापास्नं माझी चहाची ड्यूटी बंद."

"आनि शाळंची माझी," बाळासो म्हणाले. "साडेपाचला चहा लागतोय मला, पूर्णिमा. तीन महिनं ह्याच्या हातचा पिऊन जिभंची चव गेली."

पूर्णिमानं हातातला गूळ संपवला. एवढासाच घेतला होता. "उद्या साडेपाचला मी रंकाळ्यावर असणार," ती म्हणाली. "परवाबी. चहापत्ती वरच्या फळीवर हाय. आलं शेजारच्या डब्यात."

"पर नवस तर फिटला," बाळासो म्हणाले.

"तुमचा फिटला."

बाळासोंनी कायद्याचं काही कलम आठवून पाहिलं. आठवलं नाही. विश्वजितनं एकदा वडिलांकडं, एकदा बायकोकडं पाहिलं, आणि मग आपल्या पोटाकडं. "आलं किसून घालायचं का ठेचून?" त्यानं विचारलं.

"ठेचून."

एवढ्यात ऋतुराज धावत आला. त्याच्या हातात अर्धा चावलेला, लाळेनं चिकट झालेला गुळाचा खडा होता. "मम्मी, बास झालं," म्हणून त्यानं तो पुढं केला.

पूर्णिमाचा हात हलला नाही. पण शेजारून दुसरा हात पुढं आला. अंबूबाईंचा. चाळीस वर्षांची सवय, तिला डोळेही लागत नव्हते.

पूर्णिमानं तो हात वाटेतच धरला. परातीतला, कुणी न चावलेला एक खडा उचलून त्या तळव्यावर ठेवला, आणि बोटं मिटली.

"बसा खाली, आत्याबाई," ती म्हणाली. "बसून खावा."

अंबूबाई पायरीवर बसल्या. गुडघ्यातून आवाज आला. त्यांनी खड्याकडं जरा वेळ पाहिलं, कुणी मागायला येतंय का हे बघावं तसं इकडंतिकडं पाहिलं, आणि मग हळूहळू खायला लागल्या.

ऋतुराजनं आपला अर्धा खडा पायरीवरच ठेवला आणि पळाला. तो तिथंच राहिला. थोड्या वेळानं त्याला मुंग्या लागल्या.